१२ व्होल्टची बॅटरी आणि २३० व्होल्टचा पंखा

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील असंख्य घरांत जिन्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात इन्व्हर्टरची पेटी आणि तिच्या शेजारी सहा झाकणांची जड बॅटरी येऊन बसली, आणि वीज गेल्यावर पंखा पुरता थांबण्याच्या आतच पुन्हा वेग घेतो याची इतकी सवय झाली की या जोडगोळीतील एक कोडे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बॅटरीच्या दोन्ही अग्रांना कोरडी बोटे लावली तरी काही जाणवत नाही, कारण तिचा दाब जेमतेम १२ व्होल्टचा असतो आणि कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहमचा असतो. त्याच बॅटरीवर चालणाऱ्या पेटीतून निघालेल्या तारेला मात्र चुकून हात लागला, तर प्राणावर बेतू शकते, कारण तेथे दाब २३० व्होल्ट झालेला असतो. शिवाय बॅटरीतील वीज एकाच दिशेने वाहते, तर पंख्याला लागणारी वीज दर सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. पेटी उघडून पाहावी, तर आत जनित्र नाही, इंधन नाही. हिरव्या पाटीवरचे सुटे भाग, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर स्क्रूने आवळून बसवलेले बोटाच्या पेराएवढे काळे तुकडे आणि तांब्याची तार गुंडाळलेला लोखंडाचा एक ठोकळा, एवढेच काय ते दिसते.

या साऱ्या सामग्रीला मुळात दोनच गोष्टी करता येतात : विजेची वाट पूर्ण उघडणे आणि ती पूर्ण बंद करणे. वीजकेंद्रातून येणाऱ्या विजेसारखी हळुवार चढणारी आणि उतरणारी लहर केवळ या दोन टोकाच्या अवस्थांमधून कशी घडवता येते, हा इन्व्हर्टरच्या विज्ञानातील खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विजेच्या बळात नसून वेळेच्या हिशेबात आहे.

विजेचे दोन प्रकार

शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात आणि पूर्ण भारित अवस्थेत प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो, म्हणून सहांची बेरीज साडेबारा व्होल्टच्या थोडी वर भरते. तिचे धन अग्र नेहमी धनच राहते आणि ऋण अग्र ऋणच, त्यामुळे तिला जोडलेल्या तारेतील प्रवाह दिशा बदलत नाही. अशा प्रवाहाला दिष्ट प्रवाह किंवा बोलीभाषेत डीसी म्हणतात.

घरातल्या खटक्यापर्यंत येणारी वीज वेगळ्या स्वभावाची असते. तिचा दाब शून्यापासून वाढत जाऊन शिखर गाठतो, तेथून पुन्हा शून्यावर येतो, मग उलट्या दिशेने तेवढाच वाढतो आणि परत शून्यावर येतो. हे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या ५०व्या भागात, पूर्ण होते. ही प्रत्यावर्ती वीज म्हणजे एसी, आणि कागदावर तिचा आलेख काढला तर त्रिकोणमितीतील साइन वक्र मिळतो. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. २३० व्होल्ट हा या लहरीचा सर्वोच्च दाब नव्हे. शिखर सुमारे ३२५ व्होल्टचे असते. सतत बदलणाऱ्या या दाबाने इस्त्रीच्या तारेत जितकी उष्णता निर्माण होते, तितकीच उष्णता देण्यासाठी जो स्थिर दाब लागेल, तो २३० व्होल्ट आहे, आणि तोच परिणामी दाब म्हणून सांगितला जातो.

जगाने घरगुती वापरासाठी एसीची निवड केली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही मुख्यतः एका साधनामुळे : रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर. रोहित्रामुळे दाब हवा तेवढा चढवता वा उतरवता येतो. चढवलेल्या दाबाने वीज लांबवर नेली तर तारांतील नुकसान कमी होते आणि घराजवळ दाब उतरवून ती वापरता येते. रोहित्र केवळ बदलत्या प्रवाहावरच चालते. हाच निर्णय आज उलट्या बाजूने आडवा येतो, कारण वीज साठवण्याचा घरगुती मार्ग जो बॅटरी, तो मात्र दिष्ट प्रवाहाचाच आहे.

पहिली पायरी : दिशा उलटवणे

इंग्रजी एच या अक्षराची कल्पना करावी. त्याच्या आडव्या दांडीच्या जागी पंखा किंवा दिवा आहे आणि दोन्ही उभ्या दांड्यांवर वर एक आणि खाली एक असे मिळून चार खटके आहेत. दोन्ही दांड्यांची वरची टोके बॅटरीच्या धन अग्राला आणि खालची टोके ऋण अग्राला जोडलेली आहेत. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा खटका चालू केला की प्रवाह पंख्यातून डावीकडून उजवीकडे जातो. ती जोडी बंद करून उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा खालचा खटका चालू केला की तोच प्रवाह पंख्यातून उजवीकडून डावीकडे जातो. बॅटरी जागची हललेली नाही, तिची अग्रे बदललेली नाहीत, पण पंख्याच्या दृष्टीने विजेची दिशा उलटली आहे. दर १० मिलिसेकंदांनी ही अदलाबदल करत राहिले, तर सेकंदाला ५० आवर्तनांची प्रत्यावर्ती वीज तयार होते. या रचनेला खटक्यांचा पूल असे म्हणता येईल. स्वस्त पेट्यांत मध्यभागी तिसरी तार काढलेले रोहित्र वापरून चारांऐवजी दोन खटक्यांवरही भागवले जाते.

या पुलात एक धोका कायमचा दबा धरून असतो. एकाच बाजूचे वरचे आणि खालचे खटके एका क्षणासाठी जरी एकदम चालू राहिले, तरी बॅटरीची दोन्ही अग्रे थेट एकमेकांना भिडतात आणि शेकडो अँपिअरचा प्रवाह उसळून ते खटके जळून जातात. म्हणून एक जोडी बंद केल्यावर दुसरी चालू करण्यापूर्वी मुद्दाम अत्यल्प विराम ठेवला जातो. तो बहुधा सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजण्याएवढाच असतो, पण त्याच्यावाचून कोणताही इन्व्हर्टर एक आवर्तनसुद्धा टिकणार नाही.

खटके इलेक्ट्रॉनिक होण्याच्या कितीतरी आधी माणसाने हे काम यंत्राकडून करून घेतले होते. १९३०च्या दशकात मोटारगाड्यांतील रेडिओच्या निर्वात नळ्यांना शेकडो व्होल्टचा दाब लागे आणि गाडीत तर सहा व्होल्टचीच बॅटरी असे. तेव्हा विद्युतचुंबकाने थरथरणारी पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे १०० वेळा एका बाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा संपर्क आलटून पालटून जोडत असे, त्यातून मिळालेला बदलता प्रवाह रोहित्राने वाढवला जाई आणि नळ्यांसाठी पुन्हा दिष्ट केला जाई. पट्टीची गुणगुण गाण्याच्या पाठीमागे ऐकू येई आणि संपर्काची टोके ठिणग्यांनी झिजून जात. तत्त्व तेच होते. कमी होती ती न झिजणाऱ्या खटक्याची.

अर्धवट उघडी वाट का चालत नाही

आजच्या घरगुती पेटीत खटक्याचे काम मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर करतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवलेले काळे तुकडे ते हेच. सिलिकॉनच्या या तुकड्याला तीन पाय असतात. दोन पायांमधून मुख्य प्रवाह जातो आणि तिसऱ्या पायावर दिलेला काही व्होल्टांचा दाब ती वाट उघडतो किंवा मिटतो. संपर्काला संपर्क घासत नाही, ठिणगी पडत नाही, आणि उघडझाप सेकंदाला हजारो वेळा करता येते.

आता शंका अशी येऊ शकते की तिसऱ्या पायावरचा दाब कमी-जास्त करून ट्रान्झिस्टर थोडा, अर्धा, पाऊण असा हळूहळू उघडता येत असेल, तर हवी तशी साइन लहर थेटच का घडवू नये. ते शक्य आहे, आणि ध्वनिवर्धकांमध्ये दीर्घकाळ तसेच केले जात होते. अडचण आहे ती उष्णतेची. साधारण घराचा भार असताना बॅटरीतून ४० अँपिअरचा प्रवाह येतो असे धरले आणि अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरने १२ पैकी ६ व्होल्ट स्वतःवर अडवले, तर त्याच्यात ६ गुणिले ४०, म्हणजे २४० वॅटची उष्णता निर्माण होईल. बॅटरीची निम्मी शक्ती पंख्यापर्यंत न पोचता पेटी तापवण्यातच खर्च होईल. याउलट पूर्ण उघडलेल्या मॉसफेटचा रोध ओहमच्या दोन सहस्रांशांइतका अल्प असू शकतो आणि तेव्हा त्याच ४० अँपिअरला तो सव्वातीन वॅटच्या आसपासच उष्णता निर्माण करतो. पूर्ण बंद असताना प्रवाहच नसतो, म्हणून उष्णताही नसते. तोटा होतो तो फक्त एका अवस्थेतून दुसरीत जाताना, म्हणजे क्षणमात्र अर्धवट उघडे असताना, आणि म्हणून ते संक्रमण होईल तितके झटपट उरकण्यासाठी अभियंत्यांची सगळी धडपड असते.

मुंबईकरांच्या लोकलचा इतिहास या तत्त्वाची साक्ष देतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाचे व्हिक्टोरिया टर्मिनस आणि कुर्ला यांच्यादरम्यान विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट दिष्ट प्रवाहावर, आणि त्यानंतर अनेक दशके गाडी सुटताना मोटारींवरचा दाब मर्यादित ठेवण्यासाठी मध्ये मोठमोठे रोध घातले जात. प्रत्येक स्थानकावरून निघताना विजेचा काही हिस्सा असा नुसता तापून वाया जाई, आणि या गाड्या दर दोन-तीन मिनिटांनी थांबत.

चौकोनी लहर आणि तिचा गोंगाट

चार खटके दर १० मिलिसेकंदांनी उलटसुलट करून जी वीज मिळते, तिचा आलेख साइन वक्रासारखा नसतो. तो तटबंदीच्या कंगोऱ्यांसारखा चौकोनी असतो. दाब क्षणात शिखरावर जातो, तेथेच रेंगाळतो आणि क्षणात उलट्या शिखरावर कोसळतो. तापणाऱ्या तारेच्या दिव्याला किंवा इस्त्रीला याचे काही वाटत नाही. पंख्याला वाटते. कोणतीही चौकोनी लहर गणिताने अनेक साइन लहरींची बेरीज म्हणून मांडता येते : मूळ ५० हर्ट्झची एक, तिच्याबरोबर एक तृतीयांश उंचीची १५० हर्ट्झची, एक पंचमांश उंचीची २५० हर्ट्झची, आणि अशीच पुढे विषम पटींची रांग. (सेकंदाला किती आवर्तने होतात ते हर्ट्झ या एककात सांगतात.) पंख्याची मोटार उपयुक्त काम करते ते मूळ लहरीवर, बाकीच्या लहरी तिची वेटोळी तापवतात आणि पत्र्यांना थरथरवतात. वीज गेल्यावर पंख्यातून येणारी घरघर ही या जादा लहरींची असते.

दुसरी अडचण परिमाणाची आहे. साध्या चौकोनी लहरीचे शिखर आणि परिणामी दाब हे एकच असतात, म्हणून तिचा परिणामी दाब २३० व्होल्ट ठेवला तर शिखरही २३० व्होल्टच राहते, आणि ज्या उपकरणांच्या आतील भाग ३२५ व्होल्टच्या शिखराच्या अपेक्षेने बनवलेले असतात त्यांना ते अपुरे पडते. यावर काढलेला तोडगा चतुर आहे : धन आणि ऋण कंगोऱ्यांच्या मध्ये दाब शून्य ठेवण्याचा एक टप्पा घालायचा. निम्मा वेळ शून्य आणि निम्मा वेळ ३२५ व्होल्ट असे प्रमाण ठेवले, तर परिणामी दाब बरोबर २३० व्होल्ट येतो, आणि शिखरही योग्य राहते. बॅटरी उतरू लागली की शून्याचा टप्पा आखूड करून परिणामी दाब सावरताही येतो. अशा लहरीला विक्रेते सुधारित साइन लहर म्हणतात. वास्तविक ती सुधारलेली चौकोनी लहर असते, आणि ग्राहकाने नावावर न जाता हे लक्षात घेतलेले बरे.

वेळेचे काप

खरी साइन लहर मिळते ती वेळ कापून. २० मिलिसेकंदांच्या एका आवर्तनाचे ४०० समान कप्पे पाडले, तर प्रत्येक कप्पा ५० मायक्रोसेकंदांचा होतो. प्रत्येक कप्प्यात खटका एकदाच चालू आणि एकदाच बंद करायचा, पण किती वेळ चालू ठेवायचा ते मात्र कप्प्यागणिक बदलत जायचे. लहर शून्याजवळ असताना, म्हणजे पहिल्या कप्प्यात, खटका निमिषमात्र चालू राहतो. ३३व्या कप्प्याच्या आसपास साइन वक्राची उंची शिखराच्या निम्मी असते, म्हणून तेथे खटका सुमारे २५ मायक्रोसेकंद चालू आणि तितकाच वेळ बंद असतो. १००व्या कप्प्याशी शिखर येते आणि खटका जवळजवळ पूर्ण वेळ चालू राहतो. तेथून उतार सुरू होतो, २००व्या कप्प्याशी तो शून्यावर येतो, आणि मग पुलाची दुसरी जोडी हाच क्रम उलट्या दिशेने गिरवते. दाब प्रत्येक क्षणी एक तर पूर्ण आहे किंवा शून्य आहे. बदलते आहे ती फक्त चालू वेळेची रुंदी. म्हणून या पद्धतीला स्पंद-रुंदी नियमन म्हणतात, आणि तंत्रज्ञांच्या तोंडी तिचे पीडब्ल्यूएम हे नाव असते.

टाकीवरची तोटी अर्धवट न उघडता सारखी पूर्ण उघडली आणि पूर्ण बंद केली, तरी टाकीच्या तळाच्या नळातून पाणी झटक्याझटक्याने न येता एकसारखे येते, आणि ते किती जोराने येईल हे वरची तोटी किती वेळ उघडी राहते त्यावर ठरते. इन्व्हर्टरमध्ये टाकीचे काम वेटोळे आणि कपॅसिटर मिळून करतात. तारेच्या वेटोळ्याला प्रवाहात अचानक झालेला बदल सोसत नाही, तो वाढू लागला की ते विरोध करते आणि घटू लागला की ते तो चालू ठेवू पाहते. कपॅसिटर दाबाच्या बाबतीत तेच करतो, जादा विद्युतभार पोटात घेतो आणि तुटवडा पडताच परत देतो. सेकंदाला २०,००० वेळा येणारे स्पंद या दोघांच्या मधून जाताना त्यांचे कंगोरे झिजतात आणि सरासरी तेवढी पलीकडे पोचते. ती सरासरी म्हणजेच ५० हर्ट्झची साइन लहर.

हे सारे ठरवणारा सूक्ष्मनियंत्रक नखाएवढा असतो. त्याच्या स्मृतीत साइन वक्राच्या मूल्यांचे कोष्टक साठवलेले असते, क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे त्याचे घड्याळ अचूक वेळ देते, आणि प्रत्येक कप्प्याच्या आरंभी तो कोष्टकातील पुढचा आकडा वाचून खटका किती वेळ उघडायचा ते ठरवतो. शिवाय तो बाहेर जाणारा दाब सतत मोजत असतो. बॅटरी उतरून दाब घटला की सगळे स्पंद थोडे रुंद करतो आणि भार कमी होऊन दाब वाढला की ते अरुंद करतो.

लोखंडाचा ठोकळा

दिशा बदलली, लहरीला आकार आला, तरी तिची उंची अजून बॅटरीइतकीच आहे. ती वाढवण्याचे काम रोहित्राचे. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली असतात आणि त्यांच्यात विजेची थेट जोडणी नसते. पहिल्या वेटोळ्यातील बदलता प्रवाह गाभ्यात बदलते चुंबकत्व निर्माण करतो आणि ते चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करते. दोन्हीकडच्या वेढ्यांचे जे प्रमाण, तेच दाबाचे प्रमाण. बॅटरी साडेदहा व्होल्टपर्यंत उतरली तरी घरात २३० व्होल्ट मिळत राहावेत, म्हणून पहिल्या बाजूच्या एका वेढ्यामागे दुसऱ्या बाजूला ३०हून अधिक वेढे ठेवावे लागतात.

रोहित्र दाब वाढवते, शक्ती वाढवत नाही. दाब जितक्या पटींनी चढतो तितक्या पटींनी प्रवाह उतरतो. घरात ४०० वॅटचा भार असेल, तर २३० व्होल्टच्या बाजूला पावणेदोन अँपिअरचा प्रवाह पुरतो. बॅटरीच्या बाजूला मात्र तो ३३ अँपिअर होतो, आणि वाटेतील तोटा धरला तर ४०च्या पुढे जातो. बॅटरीपासून पेटीपर्यंतची केबल बोटाएवढी जाड आणि हातभरच लांब का असते, याचे कारण या आकड्यात आहे. अग्रावर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड साचून किंवा नट ढिला पडून जोडात ओहमचा केवळ शंभरावा भाग एवढा रोध आला, तरी तेथे १६ ते १८ वॅटची उष्णता सतत निर्माण होत राहते. अग्रावरचे शिसे मऊ पडण्याच्या आणि केबलचे आवरण वितळण्याच्या बहुतेक तक्रारी येथूनच सुरू होतात. १२ व्होल्टची बॅटरी शॉक देत नाही म्हणून तिला निरुपद्रवी समजणे त्यामुळे चुकीचे ठरते, कारण तिच्या दोन अग्रांवर पाना पडला किंवा हातातील बांगडी टेकली, तर ते धातू क्षणात लालबुंद होतात.

५० हर्ट्झवर चालणारा हा गाभा जड असतो आणि गुणगुणतो. चुंबकत्व बदलताना लोखंडाची लांबी अतिसूक्ष्म प्रमाणात कमी-जास्त होते, प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणून आवाज १०० हर्ट्झचा येतो. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, हजारोंनी वाढवली तर गाभा मुठीत मावेल एवढा लहान होतो. त्यामुळे वजनाने हलक्या इन्व्हर्टरमध्ये आधी बॅटरीची वीज अतिवेगाने उलटसुलट करून फेराइटच्या छोट्या रोहित्राने चढवतात, तिचे साडेतीनशेच्या वर व्होल्टांच्या दिष्ट विजेत रूपांतर करतात आणि मग त्या दाबावर चार खटक्यांचा पूल चालवतात. भारतीय घरांत तरीही जड ठोकळ्याच्या पेट्या टिकून आहेत, त्याला एक व्यवहारी कारण आहे. मुख्य वीज आली की तेच रोहित्र आणि तेच मॉसफेट उलट्या दिशेने काम करून बॅटरी भारित करतात, त्यामुळे चार्जर वेगळा लागत नाही, आणि बोअरवेलच्या पंपांमुळे हेलकावणाऱ्या दाबाचे धक्के हा लोखंडी गडी मुकाट्याने सोसतो.

चौकट : १५० अँपिअर-अवरची बॅटरी किती वेळ चालते?

बॅटरीवर १५० अँपिअर-अवर आणि सी-२० असे छापलेले असते. याचा अर्थ ती साडेसात अँपिअरचा प्रवाह २० तास देऊ शकते. प्रवाह वाढवला तर ती तेवढी एकूण वीज देत नाही, कारण पत्र्यांच्या आतील रासायनिक द्रव्यापर्यंत आम्ल वेळेत पोचत नाही.

दोन साधे पंखे १५० वॅट, चार एलईडी दिवे ४० वॅट आणि दूरचित्रवाणी ६० वॅट, मिळून भार २५० वॅट. पेटीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीतून सुमारे ३१२ वॅट, म्हणजे २६ अँपिअर खेचले जातात. १५० भागिले २६ केल्यावर कागदावर पावणेसहा तास येतात. प्रत्यक्षात नवी बॅटरी चार-साडेचार तास साथ देते. साध्या पंख्यांच्या जागी ३० वॅटचे बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटारीचे, पंखे बसवले, तर भार १६० वॅटवर येतो आणि तीच बॅटरी सात तासांच्या आसपास जाते. फ्रिज या यादीत घालण्यापूर्वी विचार करावा, कारण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो, आणि लहान पेटी त्या झटक्यालाच ‘ओव्हरलोड’ दाखवून बंद पडते.

वीज जाते तेव्हाचा ‘टक्’ असा आवाज

मुख्य वीज असताना ती पेटीतून तशीच पुढे घरात जाते आणि इन्व्हर्टर केवळ बॅटरी भारित करत बसतो. दाब नाहीसा झाल्याचे नियंत्रकाला कळले की रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा खटका, घराची तार मुख्य विजेपासून तोडून पुलाला जोडतो. ऐकू येतो तो त्याचाच आवाज. या अदलाबदलीला काही मिलिसेकंद लागतात. संगणकाच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर साधारण एका आवर्तनाएवढा खंड सोसू शकतो, त्याहून जास्त वेळ गेला तर संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पेटीच्या मागे असलेला यूपीएस आणि साधा असा निवडीचा खटका याच गोष्टीशी संबंधित आहे : यूपीएस स्थितीत पेटी दाबातील लहानशा घसरणीलाही लगेच प्रतिसाद देते, साध्या स्थितीत ती बराच कमी-जास्त दाब चालवून घेते आणि अदलाबदलही सावकाश करते. ग्रामीण भागात, जेथे दाब १७० व्होल्टपर्यंत घसरणे नवलाचे नाही, तेथे यूपीएस स्थिती ठेवली तर वीज असूनही पेटी वारंवार बॅटरीवर जाते.

वीज परत येते तेव्हा पेटी घाई करत नाही. तिची स्वतःची लहर शिखरावर आणि बाहेरची लहर दरीत असताना जोडणी केली, तर भाराला मोठा हादरा बसेल. म्हणून चांगले इन्व्हर्टर आपली लहर हळूहळू सरकवत बाहेरच्या लहरीशी जुळवून घेतात आणि मगच रिले उलटवतात.

हीच युक्ती अन्यत्र

ज्याला ‘इन्व्हर्टर एसी’ म्हणतात तो वातानुकूलक वीज गेल्यावर चालत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्याच्यात बॅटरी नसते. तो घरातील प्रत्यावर्ती वीज आधी दिष्ट करतो आणि मग पुलाच्या साहाय्याने तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची नवी लहर घडवतो; वारंवारता कमी केली की कॉम्प्रेसर संथ फिरतो, वाढवली की वेगाने, त्यामुळे तो सारखा बंद-चालू करावा लागत नाही. बीएलडीसी पंख्याच्या पोटातही असाच एक चिमुकला इन्व्हर्टर असतो. म्हणजे वीज गेलेल्या घरात बॅटरीची दिष्ट वीज प्रत्यावर्ती केली जाते, पंख्यात ती पुन्हा दिष्ट होते आणि मोटारीसाठी परत प्रत्यावर्ती, आणि प्रत्येक रूपांतरात थोडी थोडी वाया जाते. शुद्ध अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा द्राविडी प्राणायाम आहे, पण घरातील वायरिंग आणि उपकरणे एसीची असल्याने तो चालवून घेतला जातो.

मुंबईची लोकलही आता याच तत्त्वावर धावते. उपनगरी मार्गांवरचा १५०० व्होल्ट दिष्ट पुरवठा गेल्या दशकात २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्यात बदलला गेला. गाडीतील रोहित्र तो उतरवते, तो दिष्ट केला जातो आणि इन्व्हर्टर त्याच्यापासून तीन लहरींची वीज मोटारींना देतात. गाडी सुटताना ऐकू येणारा चढत जाणारा स्वर हा या खटक्यांच्या उघडझापीचा असतो. एवढा दाब सोसणारे खटके म्हणून आयजीबीटी नावाचे ट्रान्झिस्टर वापरले जातात. त्यांच्या विकासाचे श्रेय मद्रासच्या आयआयटीत शिकलेले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे जयंत बालिगा यांच्याकडे जाते. २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

आकाराने अवाढव्य असे एक उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करून ती ५ लाख व्होल्टच्या तारांवरून सुमारे ७५० किलोमीटर दूर ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत आणली जाते आणि तेथे ती पुन्हा प्रत्यावर्ती केली जाते. १९९९पासून चालू असलेल्या या वाहिनीची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. पडघ्याच्या केंद्रातील खटके थायरिस्टर जातीचे आहेत. ते इशारा देताच चालू होतात, पण इशाऱ्याने बंद होत नाहीत. त्यांतील प्रवाह शून्यावर आला तरच ते मिटतात, आणि तो शून्यावर आणण्याचे काम पलीकडील जाळ्याची जिवंत लहर करते. म्हणून पडघ्याचा इन्व्हर्टर अंधारातल्या जाळ्याला स्वतःहून उजेड देऊ शकत नाही.

छतावरील सौर पॅनेलच्या इन्व्हर्टरचीही वागणूक अशीच असते, कारण मात्र वेगळे. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवल्यापासून हे इन्व्हर्टर गावोगाव दिसू लागले आहेत, आणि लख्ख ऊन असताना वीज गेली की पॅनेल असलेले घरही अंधारात का जाते, हा प्रश्नही त्यांच्याबरोबर आला आहे. त्याचे खटके स्वतःच्या बळावर बंद होऊ शकतात. त्याला थांबवले जाते ते मुद्दाम. महावितरणचा वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करत असताना एखाद्या छतावरून त्या तारांत वीज सोडली गेली, तर घराजवळचे रोहित्र उलट्या दिशेने काम करून ती ११,००० व्होल्टपर्यंत चढवील, म्हणून बाहेरची लहर हरवल्यापासून साधारण दोन सेकंदांच्या आत त्याने बंद व्हावे असा दंडक आहे. बॅटरीसह येणारे संकरित इन्व्हर्टर या दंडकातून मार्ग काढतात : वीज गेल्यावर ते आधी घराची तार बाहेरच्या जाळ्यापासून तोडतात, ती तुटल्याची खात्री करून घेतात, आणि त्यानंतरच स्वतःच्या घड्याळावर स्वतःची लहर सुरू करतात.